आठवं गाणं

पाचवं गाणं सुरू झालं तरी चेतनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. निलेशने तिघांचे फोन बंद करून आत ओट्यावर ठेवले होते. रविवारची दुपार, दहिसरची दहा बाय बाराची खोली, दोन स्पीकर आणि धाकट्या भावाची एकच अट : आठही गाणी ओळीने ऐकायची, मध्ये कुणी बोलायचं नाही. तिचा अंगठा रिकाम्या तळहातावर उगाच वर-खाली फिरत होता. साडेचारला मुलुंडला निघायचं होतं. उद्याचं प्रेझेंटेशन अर्धवट पडलं होतं. बेचाळीस मिनिटं, म्हणाला होता तो. तेवढ्यात तिची दोन कामं झाली असती.

शेजारी आई पलंगाला पाठ टेकून खाली बसली होती. डोळे मिटलेले. पहिल्या गाण्यापासून ती हललीही नव्हती.

निलेश दिवसा कुरियरच्या ऑफिसात असे, संध्याकाळी पेटीच्या शिकवण्या घेई. त्यातून वेळ काढत चार वर्षांत त्याने हा अल्बम केला. सगळी गाणी बाबांवर. महिन्यापूर्वी त्याने तो ताईला आधी पाठवला होता. मग फोन केला.

"ताई, आठवं नीट ऐक. तुला नको असेल तर काढतो."

तेव्हा चेतना ऑफिसच्या मेलना उत्तरं देत होती. पहिल्या गाण्याची सुरुवात तिने ऐकली होती, पुढची नुसती सरकवली होती.

"ऐकलं रे. एक नंबर झालंय. राहू दे."

निलेशने पुन्हा विचारलं, "नक्की ना?"

"अरे हो ना यार."

सहाव्या गाण्यात बाबांची गिरणी आली, सातव्यात गावची होडी. चेतनाने मांडी बदलली, पुन्हा बदलली. आठव्याला नुसती पेटी होती. मग निलेशचा आवाज आला, गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळचा.

आली का ती, विचारत होता,
येतेय, येतेय, म्हणत होतो.

तिचा अंगठा थांबला.

पाच वर्षं झाली होती. तीन रात्री जागलेल्या आईला तिनेच सकाळी हॉस्पिटलमधून घरी पाठवलं होतं. जा, दोन घास खा, जरा पड. अकरा वाजता बाबांनी डोळे उघडले. "शांता आली का?" मग ते तेवढंच विचारत राहिले. चेतना 'येतेय' म्हणत राहिली आणि तिने फोन केला नाही. आईचा आत्ता कुठे डोळा लागला असेल, असं तिला वाटलं. बाबा इतक्यात जातील, असं वाटलं नव्हतं. निलेश धावत पोचला तेव्हाही ते विचारतच होते. एक वाजता गेले.

"आईला सांगायचं, झोपेत गेले," जिन्यात चेतनाने त्याला शपथ घातली होती.

स्पीकर दोन हातांवर होता. उठून बंद करता आला असता. ती उठू शकली नाही. कडव्यामागून कडवं येत गेलं, अकरापासून एकपर्यंतचं सगळं, आणि त्यातला शब्द न् शब्द तिला ऐकू आला.

गाणं संपलं. निलेश जमिनीकडे बघत होता. आईने डोळे उघडले. ते कोरडे होते.

"अकरापासून?" तिने विचारलं.

"हो," निलेश म्हणाला.

"मी झोपले नव्हते गो. त्यांचे सदरे धुवत होते."

मग आईने चेतनाचा हात हातात घेतला.

"हा मला म्हणाला होता, एक गाणं ताईला विचारून ठेवलंय. ते हेच ना? तुला तोंडाने सांगवलं नसेल इतकी वर्षं. पण हे ऐकून तू 'राहू दे' म्हणालीस. एवढी हिंमत केलीस. माझा राग नाही तुझ्यावर."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. निलेशही तिच्याकडे बघत होता. भाऊ असा आदराने आपल्याकडे बघतोय, असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मी ऐकलंच नव्हतं, आई," ती म्हणाली. "न ऐकताच हो म्हटलं. ऐकलं असतं तर काढायला लावलं असतं."

निलेशची नजर खाली गेली. आईचा हात सुटला. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती दोनदा बंद पडली. चेतना मान खाली घालून बसून राहिली. साडेचार वाजून गेले असावेत.

"निलेश," आई शेवटी म्हणाली, "पहिल्यापासून लाव रे. ही आत्ता कुठे ऐकायला लागलीय."