मागून गाडी

संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा कारखान्याच्या फाटकापाशी सेफ्टीवाल्या मॅडम सगळ्यांना चमकत्या पट्ट्यांची पिवळी जाकिटं वाटत होत्या. शेजारी मेकॅनिक प्रत्येकाच्या सायकलला मागे लाल दिवा आणि हँडलला गोल आरसा बसवून देत होता.

"आता पाठीला डोळे फुटले समजा," मॅडम म्हणाल्या. "मागची गाडी दिसली की निमूट कडेला व्हायचं."

धाकट्याने जाकीट अंगात चढवलं आणि तो रस्त्याला लागला. मागोमाग थोरला निघाला, नेहमीसारखं अंतर राखून. दोघे सख्खे भाऊ, घरं भिंतीला भिंत लागून, आणि एकमेकांशी अबोला. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. अबोला मात्र त्यांनी जिवापाड जपला होता.

रस्ता अरुंद आणि ट्रकांचा, म्हणून अबोल्यात एक सवलत होती. ट्रक आला की थोरला ओरडायचा, "मागून गाडी," आणि धाकटा कडेला व्हायचा. हे बोलण्यात जमा नव्हतं. धाकट्याची बायको गेली होती, मुलगी सासरी होती, आणि कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात कोणी कोणाशी बोलत नसे. दिवसाकाठी त्याच्या वाट्याला माणसाचा आवाज यायचा तो एवढाच. त्याची तो सकाळपासून वाट बघायचा.

पहिला ट्रक आरशात दिसला. धाकट्याने कान टवकारले, पण हाक आली नाही. तो कडेला झाला, ट्रक निघून गेला. दुसराही तसाच गेला. बरोबरच आहे, त्याला वाटलं, आरसा असताना कोण कशाला घसा कोरडा करील? पण म्हणजे आता उद्याही असंच, परवाही असंच.

आरशात थोरला दिसत होता. समोर आले की दोघे तोंड फिरवायचे, त्यामुळे त्याला नीट पाहणं कित्येक वर्षांत झालंच नव्हतं. केस पार पांढरे झाले होते. साध्या चढालाही त्याला धाप लागत होती.

तेवढ्यात त्याच्या मागे तिसरा ट्रक दिसला. थोरला कडेला झाला. धाकटा झाला नाही. हॉर्न वाजू लागला. धाकट्याने हँडल घट्ट धरलं आणि तो तसाच पायडल मारत राहिला.

"अरे कडेला हो!" थोरला मागून ओरडला. "आरसा काय दाढी करायला दिलाय तुला?"

धाकटा मातीत उतरला. ट्रक धुरळा उडवत अगदी अंगाजवळून गेला. थोरला सायकल आडवी टाकून धावत आला.

"दिसला नाही तुला?"

"दिसला की."

"मग?"

"तू आधी ओरडला नाहीस."

"मी कशाला ओरडू? तुला आता सगळं दिसतंय."

"दिसतंय," धाकटा म्हणाला. "पण दादा, एरवी दिवसभरात माझ्याशी बोलतं कोण?"

थोरल्याने धाकट्याच्या जाकिटाची उघडी राहिलेली चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि हात तिथेच राहू दिला.