आवाजाचा स्टोव्ह

भंगारात मिळालेला सहलीचा जुना रॉकेलचा स्टोव्ह मामांनी बर्नर बघूनच ओळखला. "हा आवाजाचा!" भाची म्हणाली, "मामा, बिनआवाजी बर्नर बसवा, कान तरी शाबूत राहतील." त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. पंपाचा सुकलेला कातडी वायसर बदलला, बर्नरचं भोक पिनेने मोकळं केलं. बायको हयात असताना घरात असाच स्टोव्ह होता. "ही सवत पेटली की माझं काही ऐकूच येत नाही तुम्हाला!" ती ओरडायची. सगळा संसार वरच्या पट्टीत झाला. भाची तिच्या घरी गेल्यावर मामांनी हा पेटवला. आवाज घुमला आणि सवयीने ते स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "काय म्हणालीस?" ऐकू यावं म्हणून हवा सोडून स्टोव्ह विझवला. घर गप्प झालं. घाईघाईने पंप मारून त्यांनी पुन्हा काडी लावली. आवाज चढला. "अगं, जरा मोठ्याने बोल! ऐकू येत नाहीये!"