उंदराचा वाटा

"पोरा, भाकरीचा तुकडा उरलाय का रे?" शेजारच्या कोठडीतून धोंडूकाकांनी भिंतीतल्या भोकातून विचारलं.

"संपली, काका," तुळशीराम खोटं बोलला. अर्धी भाकरी त्यानं शेपूटतुटक्या उंदरासाठी दडवली होती. जन्मठेपेत सकाळी उठायला त्याच्याकडे एवढंच कारण होतं, की आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय.

सकाळी तुरुंगाच्या अंगणात काका दिसले, नुसता हाडांचा सापळा.

"काका, तुमची भाकरी जाते कुठे?"

"एक उंदीर येतो रे, शेपूटतुटका. मागेपुढे कुणी नाही बिचाऱ्याला. कालही त्याच्यासाठीच मागितली."

तुळशीरामची मान वर होईना. संध्याकाळी त्यानं अख्खी भाकरी भोकात सारली. "काका, ही तुम्हीच खायची!"

भाकरी पुढे सरकेना. खाऊन फुगलेला उंदीर मध्येच अडकला होता.

"थांब," पलीकडून काका कळवळले, "घाबरलाय तो. आधी त्याला भरव."