एक नंबर पांढरा

सुरतेच्या वराछातल्या कारखान्यात धर्मिष्ठा नऊ वर्षं हिऱ्यांचा रंग पारखत होती. तिच्या गोळधाण्याच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी होणाऱ्या सासूबाई घारीचा तुकडा तोंडात टाकत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे, पण रंगात जरा मार खाते. आमचा मितुल बघा, कसा गोरापान! तरी आम्ही मोठ्या मनानं पसंत केली."

धर्मिष्ठाच्या वडिलांनी मान खाली घातली. मितुल मोबाइलमध्ये बघत बसला.

सासूबाईंनी अंगठी पुढे केली. "अस्सल हिरा आहे हो, एक नंबर पांढरा!"

धर्मिष्ठानं ती बोटात घातलीच नाही. पर्समधलं भिंग काढलं, खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर धरून खडा नीट पाहिला.

"अस्सल आहे, काकी. पण रंग पिवळट आहे, आणि आत कडेला काळा डाग आहे."

सासूबाई ओशाळल्या. "अगं, मग उद्याच बदलून आणते."

धर्मिष्ठानं अंगठी त्यांच्या हातावर ठेवली.



"खडा बदलून मिळेल हो, काकी. पण मघापासून तोंड न उघडणारा हा मुलगा कुठं बदलून मिळतो?"