चौथी पायरी

जिन्याची चौथी पायरी आज वाजली नाही. तिनं टाच दाबून पाहिली, मग दोन्ही पायांनी उडी मारून पाहिली. हूं नाही की चूं नाही. सुताराच्या पोरीला याहून मोठं सुख कोणतं!

सकाळभर ती जिन्याखालच्या कपाटात वाकून खपली होती. फटीत लाकूड चिकटवायचा सरस ओतला, पाचर ठोकली, खालून चार स्क्रू पिळले. उद्या सुट्टी संपणार, तेव्हा जे करायचं ते आजच. घरातले सगळे आजोबांना केस कापायला घेऊन गेले होते, ही संधी पुन्हा मिळणार नव्हती.

शिकायला आली होती खरी, पण या परक्या देशात तिचं कुणी नव्हतं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये अंगठा कापून घेतला तेव्हा टाके घालता घालता नर्सबाईंनी विचारलं होतं, "सुट्टीत कुठे जाणार?" आणि उत्तर ऐकून तिला थेट घरीच आणलं होतं. नर्सबाईंच्या काकू झाल्या. काकांनी आपला जाड कोट दिला, त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीनं आपली खोली दिली. पंधरा दिवसांत काकूंनी तिला साधा कप विसळू दिला नाही. इतकं घ्यायचं आणि हात हलवत निघून जायचं, हे तिच्या मनाला पटत नव्हतं.

दार उघडलं. काकूंनी आपल्या वडिलांना जिन्याच्या पायथ्याशी त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि पिशव्या घेऊन त्या वर गेल्या. पाठोपाठ काका गेले. ती भिंतीला टेकून कौतुकाची वाट पाहत राहिली.

"आज खालीच पसारा मांडणार वाटतं सगळे," आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती. "वर कुणी गेलं नाही का?"

तेवढ्यात काका खाली आले. "बाबा, चहा टाकू?"

आजोबा दचकलेच. "जावईबापू! तुम्ही कुठून उगवलात?"

"आजोबा, मी पायरी दुरुस्त केली," ती म्हणाली. "आता अजिबात वाजत नाही."

आजोबांचा नुकत्याच कापलेल्या केसांवरून फिरणारा हात तिथेच थांबला. काकांनी जिन्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि ते उगाच चष्मा पुसू लागले.

"अस्सं," आजोबा म्हणाले. मग ते हसले. "तीस वर्षं बस चालवली मी. मागच्या दारानं कोण चढलं ते मान न वळवता सांगायचो. इथंही तेच. जावईबापू पायरी दोनदा वाजवतात. नात उडी मारते. लेक दमून आली असली की पायरीसुद्धा दमून वाजते."

रोज सकाळी ती उतरली की ते म्हणायचे, "आली सुतारीण!" तिला वाटायचं, साबणाच्या वासावरून ओळखत असतील.

"आणि मी?" तिनं विचारलं. विचारायला नको होतं.

"तू कडेकडेनं उतरायचीस, पाहुण्यासारखी. चार दिवस झाले, मधोमध उतरायला लागली होतीस."

ती पुन्हा कपाटात शिरली. स्क्रू निघाले. पाचर हलेना. जोड असा बसव की लाकूड फाटेल पण जोड सुटणार नाही, असं बापानं शिकवलं होतं, आणि ती नेमकं तेवढंच नीट शिकली होती. तिनं पाचरीवर उलटा हातोडा मारला, पटाशीची धार फटीत घातली, टाक्यांचा अंगठा ठणकेपर्यंत झटली. सरस धरला तो धरलाच.

काकूंनी तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि केसांतला भुसा झटकला. "अगं, किती सुबक काम केलंस! एखाद्या दिवशी पडलं असतं कुणीतरी."

"पण आजोबा..."

"त्यांचं काय, ते हाकेवर ओळखतील. मारू की हाका. तोंडं काय भाड्यानं आणलीत?"

कुणीतरी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण या घरात ती पद्धतच नव्हती. रागावणं सोडून बाकी सगळं त्यांनी तिला दिलं होतं.

काकूंची लेक धावत वर गेली. उतरताना चौथ्या पायरीवर थांबून तिनं तोंडानं आवाज काढला, "कर्रर्र!"

सगळे हसले. आजोबाही हसले. "गाडी जुनी झाली वाटतं," ते म्हणाले. पण मग त्यांनी खुर्ची जिन्याच्या आणखी जवळ ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गाडी काढायला गेले. लेक त्यांच्याबरोबर. काकू दाराशी डब्याचं झाकण घट्ट लावत होत्या, तिच्याच प्रवासासाठी. ती बॅग घेऊन खाली येऊ लागली. चौथ्या पायरीवर तिनं मधोमध पाय ठेवला, बॅगेचा सगळा भार टाचेवर टाकला आणि पुन्हा एकदा टाकला. काही नाही. आवाज द्यावा म्हणून तिनं तोंड उघडलं, पण नुसतीच कठड्याला धरून उभी राहिली.

चार पायऱ्या खाली आजोबा भांग पाडून बसले होते. मान जिन्याकडे वळवलेली, कान लावलेला. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग दाराच्या दिशेनं विचारलं,

"आमची सुतारीण अजून उतरली नाही का गं?"