बोलावल्याशिवाय

इंद्रजित सरांची छडी खाली आली आणि तीस वादक थांबले. आता फक्त अपेक्षाचा पियानो.

दोनशे वर्षांपूर्वीचा हा कॉन्चेर्टो, पियानो आणि वाद्यवृंदाची रचना. एक पाय जुन्या शिस्तीत, दुसरा नव्या उमाळ्यात. या जागी पियानो एकटाच वाजतो, मनाला येईल तेवढा वेळ. मग दोन सुरांची लांब थरथर येते. तेच बोलावणं. तोवर बाकीच्यांनी आत यायचं नाही. सरांनीसुद्धा.

एसटीत तिनं हे बापाला समजावलं, तेव्हा धुळा म्हणाला होता, "म्हंजी आमच्या धनगरी ओवीत गडी झील धरायला थांबत्यात, तसंच की!"

बारा वर्षं ती या जागेची वाट पाहत होती.

दर रविवारी धुळा तिला म्हसवडहून साताऱ्याला शिकवणीला आणायचा. पहिल्याच दिवशी सर दारातून म्हणाले, "तुम्ही फाटकाशी थांबा. घोंगड्याला वास येतो. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही." शिकवणी चालली ती सहा वर्षं कधीच बोलावलं नाही. पाय दुखले का, असं तिनं विचारलं, की धुळा हसायचा. "मेंढरांमागं जल्म गेला. हुबं ऱ्हायला मला काय हुतंय?"

आता ती नावारूपाला आली, म्हणून सरांनीच 'माझी शिष्या' असे फलक सांगलीभर लावले होते. पहिल्या रांगेत धुळा बसला होता, घोंगड्यासकट. ती अट तिची होती.

सरावात ठरलेली दोन मिनिटं संपली. चौथ्या मिनिटाला तिनं थरथर सुरू केली. सरांचा हात उठला. ती दुसऱ्याच सुरावर निघून गेली. हात खाली आला. सातव्या मिनिटाला पुन्हा तेच. सत्तरीतल्या सरांच्या मानेवर घाम आला, ते या पायावरून त्या पायावर भार टाकू लागले. लोक कुजबुजायला लागले.

"अपेक्षा, पुरे," सर पुटपुटले. "येऊ दे आम्हाला."

"बोलावल्याशिवाय आत यायचं नाही, सर," ती वाजवता वाजवता म्हणाली. आणि बाप हसतोय का, ते बघायला तिनं मान वळवली.

धुळा उठून उभा होता. तिच्याकडं नाही, सरांच्या पायांकडं बघत होता.

"घे गं त्यास्नी आत," तो म्हणाला. सगळ्या नाट्यगृहाला ऐकू गेलं. "हुबं ऱ्हाऊन पाय लय दुखत्यात."