चुन्याची बादली

मृतांच्या स्मरणाच्या दिवशी पास्कू चुन्याची बादली घेऊन कबरस्तानात आला, तर बायकोची कबर कुणीतरी आधीच रंगवलेली. तिच्या उशाशी थोरली वहिनी मेणबत्ती लावत होती. विहिरीच्या भांडणापासून बारा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

त्यानं पेटती मेणबत्ती भिरकावली. "ती अंथरुणाला खिळली तेव्हा डोकावलात का कधी? आता माया आली?"

"तुम्ही उंबरा चढू दिला असता?"

"नसताच दिला."

"तिलाही आमच्याकडे येऊ दिलं नाहीत, भावजी. माझ्या पोराच्या मातीलासुद्धा." वहिनीनं मेणबत्ती उचलून पदरानं पुसली. "पण दर वर्षी मी यायच्या आधी त्याची कबर चुन्यानं पांढरी झालेली असायची. एकदा लवकर आले, तेव्हा तिला पाहिलं. तुम्हाला सांगू नका म्हणाली. आज तिची रंगवताना माझा चुना संपला. पोराची राहिलीय."

पास्कूच्या अंगाची लाही झाली, पण शिव्या द्यायच्या तर आता स्वतःलाच द्यायला हव्या होत्या. बादली उचलून तो निघाला आणि थांबला. सख्ख्या पुतण्याची कबर कुठली, तेच त्याला ठाऊक नव्हतं.

"दाखवा," तो रागानंच म्हणाला.